दुखवट्यातला टीव्ही

आमच्या घरात टीव्ही का नाही, असं तुम्ही मघाशी विचारलंत. सांगते. तो दिवा जरा इकडे सरकवा, त्या दाराकडे पाठ करून बसायला मला आवडत नाही.

त्या दिवशी मी वसईला गेले होते ती फक्त एक वायर आणायला. टीव्हीच्या पाठीत एक टोक आणि बॉक्समध्ये दुसरं टोक खुपसतात, ती काळी वायर. बाजारातल्या दुकानदाराने कुठला टीव्ही, कुठलं मॉडेल, किती मीटर असं विचारून माझं डोकं खाल्लं. शेवटी पिशवीतून जुनी वायर काढून त्याच्या काउंटरवर आपटली आणि म्हटलं, "हिच्यासारखी दे आणि मोकळा हो." बस मिळेना, रिक्षावाले आमचं भुईगाव म्हटलं की मान फिरवत होते. घरी पोहोचेपर्यंत ऊन उतरून केळीच्या बागेआड गेलं होतं.

आदल्या दिवशी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ॲन्सेल्मच्या वर्षाच्या प्रार्थनेचा मिस्सा झाला होता. ॲन्सेल्म म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे घरात कुणी गेलं की दुखवटा संपेपर्यंत टीव्ही लावत नाहीत. हल्ली लोक महिन्या-दीड महिन्यात उरकतात, पण माझ्या सासूने वर्ष पाळलं होतं, म्हणून मीही पाळलं. टीव्हीवर पांढरी चादर टाकली. खालचा बॉक्स मात्र चालूच राहिला. साबणाच्या डबीएवढा तो, त्याला बंद करायचं बटणच नव्हतं. त्याचा बारीक लाल दिवा चादरीतून दिसायचा. टीव्ही झाकला म्हणजे सगळं झाकलं, अशी आपली समजूत.

तो बॉक्स कॅल्विनने बसवला होता. कॅल्विन ॲन्सेल्मच्या भावाचा मुलगा, ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ॲन्सेल्मने अंथरूण धरलं तेव्हा त्याला करमावं म्हणून कॅल्विनने घरातल्या लग्नांचे, कम्युनियनचे सगळे जुने व्हिडिओ त्यात भरून दिले. "ओपन सोर्स आहे, काकी," असं मोठ्या कौतुकाने सांगत होता. "एकदम फुकट. आत काय चाललंय ते कुणीही उघडून बघू शकतं. लपवाछपवी काही नाही."

त्यातच एक छोटा व्हिडिओ होता. शेवटच्या आठवड्यात कॅल्विनने मोबाइलवर काढलेला. ॲन्सेल्म आमच्या पलंगावर उशांना टेकून बसलाय, आवाज खोल गेलाय, आणि तो म्हणतो, "रोवेना, घाबरू नकोस. मी कुठे जात नाही." बस्स, एवढंच. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण लग्नाची सगळी वर्षं हा माणूस 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवर भागवत आला होता. माझं नाव त्याने घेतलं ते त्या एका वेळी. दुखवटा संपला की ते ऐकायचं, या आशेवर मी ते वर्ष काढलं. मिस्सा झाला, पाहुणे गेले, चादर काढली, तर पडद्यावर 'नो सिग्नल'. म्हणून ती वायर.

कॅल्विन मिस्साला आला होता, तो माझ्यासाठी एक दिवस थांबला. नवी वायर लावल्याबरोबर पडदा उजळला. मी खुर्ची ओढून समोर बसले. कॅल्विन रिमोट घेऊन त्या व्हिडिओपर्यंत गेला आणि थबकला.

"काकी, तू बघितलास हा?"

"चादर कालच काढली. कसा बघणार?"

"मग ही बरोबरची खूण कशी? पूर्ण बघून झाला की ती येते. आणि हे बघ... नंतर परत लावून मध्येच थांबवलाय. विचारतोय, तिथून पुढे चालू करू का?"

"सुरुवातीपासून लाव," मी म्हटलं. मला कुठली खूण न् कुठलं काय!

ॲन्सेल्म दिसला. मला भरून आलं. त्याच्या पाठीला आम्ही निलगिरीचं तेल चोळायचो, त्याचा वाससुद्धा आला. आठवणीनेच आला असेल, असं मला तेव्हा वाटलं. त्याने ओठ ओले केले.

"हेलन," तो म्हणाला. "घाबरू नकोस. मी कुठे जात नाही."

हेलन माझी धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. ॲन्सेल्मच्या आजारपणात मदतीला म्हणून आली आणि तो गेल्यावर माझ्या सोबतीला राहिली. मी शाळेत शिकवायला जायचे, तेव्हा दुपारपर्यंत घरात ती एकटीच असायची.

कॅल्विनने घाईघाईने स्वतःचा मोबाइल काढला. मूळ व्हिडिओ त्यात होता. तोच पलंग, त्याच उशा, आणि तिथे स्वच्छ 'रोवेना'. मग तो हात धुऊन त्या बॉक्सच्या मागे लागला. बंद करून चालू केला. इंटरनेट तोडलं. सगळी यादी पुसून नव्याने तयार करायला लावली. व्हिडिओ तोच, तारीख तीच, आकार तोच, कुणी हात लावलेला नाही. लावला की पुन्हा 'हेलन'.

"आवाज बदलता येतो, काकी, कुणी मुद्दाम केलं तर," तो हळू आवाजात म्हणाला. "पण... ओठ बघ. ओठपण हेलनच म्हणतायत."

खोटं कशाला सांगू, मला भीती नंतर वाटली. आधी राग आला. मी हेलनला हाक मारली. ती मागे मोगऱ्याला पाणी घालत होती. ओले हात पदराला पुसत आली, आणि उघडा टीव्ही बघून जागीच उभी राहिली.

"हेलन, मी नसताना तू ही चादर काढायचीस?"

"नाही, बाय. देवाशपथ. एकदापण नाही काढली." मग खाली बघत म्हणाली, "तेच नको म्हणायचे."

"कोण?"

"भावोजी..."

कॅल्विनच्या हातातला रिमोट खाली पडला. कुणी उचलला नाही.

"तू शाळेत गेलीस की बोलवायचे," ती म्हणाली. "चादरीच्या आतून. पहिल्या वेळी मी पळाले गं, वाडीत जाऊन बसले. मग म्हणाले, घाबरू नकोस. मग मी इथे खाली बसायला लागले... रोज."

"काय बोलायचा तो?"

"काही नाही. नाव घ्यायचे. हळूहळू घ्यायचे... परत परत."

मी तिला विचारायला नको ते विचारलं. तो जिवंत असताना तुमच्यात काही होतं का? ती एकदम रडायला लागली. "बाय, असं कसं बोलतेस! पाणी द्यायला गेले तरी भिंतीकडे तोंड करायचे. कधी नीट बघितलंपण नाही माझ्याकडे."

आणि माझा तिच्यावर विश्वास बसला, हेच माझं दुखणं झालं. जिवंत नवरा बहकला तर बाई भांडी आपटते, दिराला बोलावते, फादरकडे जाते. मी हे कुणाकडे नेणार? देवळात सगळ्यांसमोर आम्ही एकमेकांना वचन दिलं होतं ते मरेपर्यंतचं. त्याने ते मरेपर्यंत पाळलं, शब्दाला शब्द धरून. त्यानंतर त्याने काय करावं, हे वचनात नव्हतं. मी मात्र वर्षभर काळे कपडे घालून, टीव्ही झाकून, त्याच्या एका वाक्यासाठी थांबले होते. त्या दिवशी मला जेवढं फसल्यासारखं वाटलं तेवढं आयुष्यात कधी वाटलं नाही.

हेलनला मी देवळात पाठवलं. "रोजरीची माळ पूर्ण करूनच ये," असं दरडावलं. ती गेली.

"काकी, सोड. बॉक्स मी घेऊन जातो," कॅल्विन म्हणाला.

"नाही. माझं नाव मला परत पाहिजे."

माझ्या हट्टापुढे त्याचं काही चाललं नाही. त्याने बॉक्समधलं मेमरी कार्ड काढून टाकलं, बॅगेतलं कोरं कार्ड घातलं, त्यावर बॉक्सचं सॉफ्टवेअर नव्याने चढवलं, आणि आपल्या मोबाइलमधला मूळ व्हिडिओ तेवढा त्यात टाकला. बाहेर उजेड मावळत चालला होता. वाडीतून ओल्या मातीचा वास येत होता. देवळाची घंटा वाजली, रोजरी आता कुठे सुरू होत असणार. मी खुर्चीत सरळ बसले, पदर सारखा केला. हसू नका, पण मी केससुद्धा सारखे केले.

कॅल्विनने बटण दाबलं.

"रोवेना," ॲन्सेल्म म्हणाला.

मी रडले. मोठ्याने रडले. मग लक्षात आलं की तो पुढे काहीच बोलत नाहीये. नुसता बसलाय. खालची रेघ शेवटाला जाऊन टेकली होती, तरी चित्र चालूच होतं.

"एवढाच होता, काकी..." कॅल्विन कुजबुजला. "याच्यापुढे मी काढलाच नव्हता..."

ॲन्सेल्मची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे होती. मी वळले. दारात हेलन उभी होती. धापा टाकत होती, देवळातून पळत आली असावी.

"बोलावलं त्यांनी," ती म्हणाली.

"रोवेना," पडद्यातून पुन्हा आवाज आला. थकलेला, समजावणीचा, अगदी नवऱ्याचा आवाज. "ऊठ आता. तिला बसू दे."

वर्षभर ज्या नावासाठी थांबले ते मला मिळालं, खुर्चीवरून उठवण्यासाठी. आणि मी उठले. का उठले ते विचारू नका. इतकी वर्षं तो म्हणाला की मी उठतच आले होते. हेलन माझ्या जागेवर बसली. कॅल्विन भिंतीला चिकटून 'आमच्या बापा' ही प्रार्थना पुटपुटत होता, त्याचे शब्द पुढे-मागे होत होते.

शेवटच्या दिवसांत ॲन्सेल्मला कुशीवर वळवायला आम्ही दोघी लागायचो. पडद्यावर तो एकटाच हलला. हाताच्या जोरावर भिंतीकडे सरकला, एक उशी बाजूला केली, अंथरुणावरची सुरकुती तळव्याने सपाट केली. पलंगावर, मी झोपायचे त्या बाजूला, एका माणसापुरती जागा झाली.

हेलनने डोळ्यांवरचा चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या, आणि झोपताना देतात तसा माझ्या हातात दिला.