निळ्या कड्याचा गुन्हेगार

वेधशाळेतली तरुण निरीक्षक तूदा अयत बहा लल्ला यामनांच्या माराकेशमधल्या कचेरीत आली तेव्हा तिच्या पिशवीत तिने टिपलेलं एकच छायाचित्र होतं. त्यात एक दीर्घिका. पिवळसर गाभा मधोमध नव्हता, एका बाजूला सरकलेला. भोवती निळं लंबगोल कडं. शेजारी आणखी दोन दीर्घिका.

"हे कडं मी रंगवलं असं म्हणतात," ती म्हणाली. "सोमवारी मला वेधशाळेतून काढणार आहेत."

लल्ला यामना खगोलशास्त्र शिकलेल्या. आता विद्वानांच्या भानगडी उकलणाऱ्या खासगी तपासनीस. त्यांचा सोबती हम्मू, निवृत्त पोलीस. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं वेधशाळेच्या डोंगरावर पोचले.

वेधशाळेचे प्रमुख सी लार्बी यांनी चहा दिला आणि तीस वर्षांपूर्वी स्वतः टिपलेलं छायाचित्र पुढे ठेवलं. दीर्घिका तीच, कडं मात्र नव्हतं. यामनांनी ते उलटून पाहिलं. मागे लिहिलं होतं, 'गडद लाल काच'.

असं कडं टकरीतूनच होतं, हे लार्बींना मान्य होतं. पण टक्कर दिली कुणी? मोठी शेजारीण अगदी नीटनेटकी, ओरखडासुद्धा नाही. धाकटी विस्कटलेली, पण एवढीशी. ती कुणाचं काय बिघडवणार?

हम्मूने मोठीवरच बोट ठेवलं. यामनांनी तूदाला तिघींचे आपल्यापासून दूर जाण्याचे वेग विचारले. कड्यावाली आणि धाकटी यांचे जवळपास सारखे, मोठीचा दुप्पट.

"म्हणजे पळाली," हम्मू म्हणाला.

"नाही रे बाबा, ती तिथे नव्हतीच. जितका वेग जास्त, तितकी दीर्घिका लांब. मोठी दुप्पट लांब आहे, आपल्याला फक्त शेजारी दिसते." यामनांनी धाकटीवर बोट टेकवलं. "ही कड्यावालीच्या आरपार गेली. तळ्यात दगड पडल्यावर उठते तशी लाट उठली, लाटेत नवे तारे पेटले. तेच हे कडं. नेम जरासा चुकला, म्हणून गाभा एका बाजूला. आणि ही स्वतःही विस्कटली."

"मग माझ्या चित्रात कडं का नाही?" लार्बींनी विचारलं.

"नवे तारे निळे असतात, उस्ताद. तुमच्या लाल काचेने नेमके तेच अडवले."

लार्बी तूदाचं छायाचित्र घेऊन खिडकीपाशी उजेडात गेले.

"तीस वर्षं हिला पाहतोय मी," ते हळूच म्हणाले. "हे अजून पसरतंय का, पोरी?"

"हो, उस्ताद. तिथला उजेड इथे पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात, दिसतंय त्याच्या कितीतरी पुढे गेलं असेल आता."

त्यांनी स्वतःची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

"बस. पहिल्यापासून सांग मला."