धावायला पण, उचलायला पण

ती बुटांच्या दुकानात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. आत बाकावर एक तरुण एकाच पायात नवा बूट घालून दुसऱ्या बुटाची वाट बघत बसला होता.

"मला एकच जोड हवाय," तिने दुकानदारकाकांना सांगितलं. "धावायला पण आणि वजन उचलायला पण."

काकांनी सगळ्यात गुबगुबीत तळव्याचा बूट पुढे केला. "हा बघा. गादीवर चालल्यासारखं वाटेल."

"मग वजन उचलताना गादीवरच पडतील त्या," बाकावरून आवाज आला.

ती वळली. "तुम्ही इथे कामाला आहात?"

"नाही हो. शाळेत खेळ शिकवतो. वाईट सवय... गप्प बसवत नाही."

"ऐका मास्तरचं," काका हसत म्हणाले. "आमचा धंदा बुडवतो, पण खोटं सांगत नाही."

मास्तर सांगू लागला. मऊ तळवा धावताना पायाला मार बसू देत नाही, पण खांद्यावर ओझं आलं की दबतो, पाऊल डगमगतं. अगदी कडक, सपाट घेतला तर वजनाला उत्तम, पण धावून आल्यावर पोटऱ्या भरून येतात. "एकातच भागवायचं तर मधला घ्या. टाच घट्ट धरणारा, अंगठ्याने दाबला तर जेमतेम दबणारा, पुढे बोटांना जागा."

"म्हणजे दोन्हीकडे छान?"

"दोन्हीकडे बरा. छान हवं असेल तर दोन जोड लागतात."

"अग्निशमन दलाची परीक्षा आहे माझी," ती म्हणाली. "धावायचं आणि लगेच पोतं खांद्यावर घेऊन जिना चढायचा. मध्ये बूट बदलायला कोण देणार?"

त्याने आता तिच्याकडे नीट पाहिलं. "मग मधलाच."

तिने नवे बूट घातल्यावर त्याने तिला एका पायावर उभं राहायला सांगितलं—डोळे मिटून. ती उभी राहिली. कोपराजवळ कुणाचा तरी हात आहे, लागत नाहीये, पण आहे, हे तिला डोळे मिटूनही कळलं.

"पडले असते तर धरलं असतं?"

"तेवढ्यासाठीच उभा होतो."

"म्हणजे बुटावर भरवसा नव्हता."

मास्तरचे कान लाल झाले. तो घाईने दाराकडे निघाला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "मास्तर, दुसरा बूट तरी घालून जा."

त्यानंतर परीक्षेच्या सरावासाठी तिची सकाळ मास्तरच्या शाळेच्या मैदानावर उजाडू लागली. औषधांच्या दुकानात ती काउंटर सांभाळायची. ते उघडायच्या आत धावणं, मग वाळूचं पोतं, मग पुन्हा धावणं. दमून बसली की तो म्हणे, "गोळ्या विकून माणूस इतका मऊ होतो होय?" ती म्हणे, "शिट्टी फुंकून तुझ्यासारखा कडक होतो, त्यापेक्षा बरं." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. कधी पोतं उतरवून घेताना त्याचा हात तिच्या खांद्यावर क्षणभर रेंगाळायचा... आणि मग तो उगाच घड्याळ बघायचा.

घड्याळ तर तो रोजच बघायचा. चहालाही थांबायचा नाही. "घरी कोणी वाट बघतंय का?" तिने एकदा हसत विचारलं.

"आई," तो म्हणाला. "तिच्या आठवणीतलं सगळं पुसलं जातंय. हे घर ओळखते आणि मला. मागे ताईकडे नेलं होतं, तर दिवसभर दाराशी उभी राहून रडली, घरी ने म्हणून. शेजारच्या काकू सकाळी तिच्यापाशी बसतात, म्हणून मी इथे येऊ शकतो."

दुसऱ्या दिवसापासून त्याला उशीर व्हायच्या आत तीच म्हणू लागली, "चल, नीघ आता."

तिची निवड झाली. प्रशिक्षण लांबच्या शहरात, आणि पुढे पाठवतील तिथे नोकरी. बातमी सांगायला ती मैदानावर धावतच आली. तो मनापासून हसला. मग वाकून पोतं उचललं, काही कारण नसताना, आणि तिथेच परत ठेवलं.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"जाणार आहेस."

"तुला कोण विचारतंय?"

"कोणी नाही. पण तू इथे थांबलीस तर मला रोज तुझ्याकडे बघवणार नाही गं. आई आहेच इथे बांधलेली... आणि मी. तिसरं माणूस नको."

"मास्तर, स्वतःसाठी कधी काही मागशील की नाही?"

तो पोत्यावरची वाळू झटकू लागला. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि घरी जाऊन ती आपल्या आईच्या पदरात तोंड घालून रडली.

निघायच्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्या घरी गेली. खिडकीशी त्याची आई बसली होती, केस मोकळे. आईने वर पाहिलं आणि ती तोंडभर हसली. "आलीस का सूनबाई? किती वेळ लावलास. ये, माझी वेणी घालून दे."

दारात उभ्या मास्तरचा चेहरा उतरला. "आई, ही..."

"आले हो आई," ती म्हणाली, आणि मागे बसून केसांचा गुंता सोडवू लागली. म्हाताऱ्या आईने सगळं विचारलं. जेवलीस का, हा तुला रागावतो का. तिने सगळ्याची उत्तरं दिली. मास्तर स्वयंपाकघरात गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

निघताना फाटकाशी दोघं उभी राहिली.

"आईचं बोलणं मी खोडायला हवं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"नाही खोडवलं. तेवढं एकच तुझ्याकडे मागायचं होतं मला... आणि ते तिने मागून टाकलं."

तिने त्याचा हात घट्ट धरला, आणि सोडला.

"संध्याकाळी लवकर ये गं," खिडकीतून आईचा आवाज आला.

"हो आई," ती मोठ्याने म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून स्टँडच्या दिशेने चालू लागली.