हाकेला ओ

शहरालगतच्या कुडव्यातल्या घरी चहा निवत ठेवून चंद्रकुमार लॅपटॉपसमोर बसला होता. नागझिऱ्याच्या वाटेवरच्या आपल्या गावच्या तलावाचं दार इथून, कमांड टाइप करून उघडायचं. ते सारं रचलं होतं त्याच्या धाकट्या भावाने, हिमांशुने. गावच्या पाणकराची, तलावाचं पाणी सोडणाऱ्याची, रीतच त्याने त्यात उतरवली होती: आधी 'हाक', म्हणजे खालच्या शेतावरच्या फोनला मेसेज, तिकडून 'हो' आलं की मगच 'सोड'.

गेल्या वर्षी चंद्रकुमारने आपला वेगळा प्लगिन लिहिला. भावाच्या तयार कमांड वापरायला त्याला कमीपणा वाटला, आणि हाकेपायी दहा मिनिटं कोण थांबणार? दार उघडण्याचा कोड त्याने स्वतःच लिहिला आणि चालवला. तेव्हा हिमांशु तलावाच्या पाळीखालच्या, पाणी सुटतं त्या मोरीत उतरून अडकलेली फांदी काढत होता.

यंदा त्याने तो प्लगिन पुसून टाकला. नव्यात स्वतःची अक्कल पाजळली नाही. दोनच ओळी: भावाची 'हाक', मग भावाची 'सोड'. हिमांशुचा नंबर काढून केशोराव पाणकराचा टाकला, एवढंच.

चालवल्यावर उत्तर आलं: 'थांब दादा, मी मोरीत आहो.'

त्याने घाबरून केशोरावला फोन लावला.

"मले त काहीच आलं नाही बा. मोरीतही पाहून आलो, कोणी नाही. धान वाळून राहिला, सोड ना पाणी!"

चार दिवस तो हाक देत राहिला. चार दिवस तेच उत्तर. नुसती 'सोड' टाइप करायला बोटं उचलेनात. आपण भावाला मारलं, हे त्याला ठाऊकच होतं. पुन्हा मारायचं बळ त्याच्यात नव्हतं.

पाचव्या दिवशी भर दुपारी वडील, परसराम, गावाहून आले.

"पाणी काऊन नाही सोडून राहिला?"

त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. म्हातारा ती ओळ बोटाने वाचत राहिला.

"त्याले म्हण, बाहेर निंग."

"सांगता नाही येत, बाबा. फक्त विचारता येते."

"मंग इचार. गेल्या साली इचारलं नाही तू."

चंद्रकुमारने हाक दिली.

दोघं थांबले. पंखा फिरत होता.

दहाव्या मिनिटाला उत्तर आलं.

तलावाच्या दाराची स्थिती वर दिसत होती: बंद.

खाली लिहिलं होतं: 'दादा, पाणी येऊन राहिलं.'