सुरगाण्याची एक नोंद

नुकत्याच सुरू केलेल्या सर्व्हरमध्ये नोंदींची संख्या शून्य असते.

शून्यच असते.

त्या दुपारी माझ्या स्क्रीनवर ती एक होती...

मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई. भुताखेतांवर विश्वास ठेवणं मला अजूनही जमत नाही. पण हे माझ्यासोबत घडलं आहे, आणि यातला एकही आकडा मी वाढवून सांगत नाही.

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार. नाशिक रोडला आमच्या संस्थेचं ऑफिस, दुसरा मजला. दोन वाजायला आले होते. बाकीचे सगळे जेवायला गेले होते.

सुरगाण्याच्या पाड्यांवरून पेशंट आणायला आमची संस्था जीप पाठवते. फोन आला की ऑपरेटर नोंद करते, ती माझ्या सर्व्हरमध्ये जाते आणि तिथून ड्रायव्हरला मिळते. हा सर्व्हर सगळं मेमरीत ठेवतो, म्हणून वेगवान. पण बंद केला की सगळं पुसलं जातं. अधूनमधून डिस्कवर प्रत उतरवून ठेवायची सोय असते.

ती मीच बंद केली होती. अजून वेग हवा म्हणून.

२६ जूनला मी त्याची नवी आवृत्ती बसवली. मूळ कोडपासून स्वतः कंपाइल केलेली, म्हणजे स्वतः बांधलेली. तयार मिळते ती मला पसंत नसते. जुना सर्व्हर दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी बंद केला. त्याआधी यादीत कोणी थांबलंय का, हे बघायचं असतं.

मी बघितलं नाही.

दोन दहाला लहानू नावाच्या माणसाचा फोन येऊन गेला होता. त्यांच्या बायकोला, सावित्रीबाईंना, साप चावला होता.

जीप गेलीच नाही. संध्याकाळी सावित्रीबाई गेल्या.

फोन घेतला होता तबस्सुमने. ती सांगत राहिली, मी नोंद केली होती. आमचे प्रमुख मयुरेश सर तिला म्हणाले, "मग काय, पाय फुटले नोंदीला?" आणि माझ्याकडे वळले.

"यादीत नाही, सर," मी म्हणाले.

वाक्य खरं होतं.

तबस्सुमने एकदा माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्ची रिकामी.

मी रोज ठरवायचे, उद्या सांगू.

तर, १४ ऑक्टोबर. नवं मशीन. कोरी डिस्क. नेटवर्कची वायरसुद्धा लावलेली नव्हती. पेनड्राइव्हवरून कोड घेतला, कंपाइल केला, सगळ्या चाचण्या नीट पार पडल्या. सर्व्हर सुरू केला. नोंदी मोजल्या.

एक.

उघडली...

लहानू. सुरगाणा. सर्पदंश. जीप हवी. नोंद करणारी: तबस्सुम. थांबलेत: १,५८,४०० मिनिटं.

घड्याळात दोन दहा झाले होते. एकशे दहा दिवस गुणिले चौदाशे चाळीस. मी कागदावर करून पाहिलं.

बरोबर होतं.

आणि मी काय केलं?

ती नोंद पुसली.

इतक्या दिवसांनी तबस्सुमच्या बाजूने एक पुरावा समोर आला होता, आणि माझा हात आधी तो पुसायलाच गेला.

पुन्हा मोजलं... एक. १,५८,४०१.

सर्व्हर बंद केला. सगळं काढून टाकलं. कोड पुन्हा कंपाइल करायला घेतला. स्क्रीनवर ओळी धावत होत्या, मशीनचा पंखा घोंघावत होता.

पंखा थांबला.

खालच्या रिक्षांचे आवाजही थांबले...

तबस्सुमच्या टेबलावर तिचा हेडफोन तसाच पडून होता. वायर कशालाच जोडलेली नव्हती.

त्यातून कोणीतरी हळू बोललं.

"ताई... जीप निघाली का नाय?"

आवाजात राग नव्हता. घाईसुद्धा नव्हती.

त्या दिवशी फोन लहानूंनी केला होता. हा आवाज बाईचा होता.

दार वाजलं. मयुरेश सर हात पुसत आत आले. "काय आभा, झालं का बांधकाम? स्लॅब पडला?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तिथे काहीच नव्हतं. हेडफोनही गप्प. मी काही बोलले नसते, तर कोणालाही कधीच कळलं नसतं.

ते काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. ती बाई जीपची वाट बघायची थांबली की नाही, हेही नाही.

मी उभी राहिले.

"सर, तबस्सुमने नोंद केली होती. लहानू वाट बघत असताना सर्व्हर मी बंद केला. हे मी आत्ता लेखी देणार आहे, आणि सुरगाण्याला जाऊन त्यांनाही सांगणार आहे."