घुमटाच्या कडेवरचं छप्पर

तारांगणाच्या पायऱ्यांवर त्याच्या कोटाचं बटण तुटलं आणि घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबलं. मी शिवणकाम करणारी. सुई-दोरा कायम पिशवीत. "हलू नका, टोचेल," म्हणत तिथेच लावून दिलं. तो इतका लाजला, की आभार मानायचेही विसरला.

आत अंधार झाला आणि मागून कुणीतरी आकाश समजावून सांगू लागलं. काय सुरेख बोलत होता! दिवे लागल्यावर वळून पाहिलं, तर हाच... यंत्रापाशी, मान खाली घालून.

पुढे त्याची बटणं वरचेवर तुटू लागली. बाजारातल्या माझ्या दुकानात येऊन तो कोट पुढे करी आणि गप्प उभा राही.

"ही तुटतात, की कुणी ब्लेडने कापतं?" मी एकदा विचारलं.

"उंदीर... असतील."

"मग उंदरांना सांगा, एकदम दोन कापा. तुमची खेप वाचेल."

"खेप वाचवायची नाहीये," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. त्यापुढे गाडी सरकेना.

अशात मामाने परगावचं स्थळ आणलं. माणसं चांगली होती. रविवारी संध्याकाळी उत्तर कळवायचं होतं. "तुझ्या मनात दुसरं कुणी आहे का?" आईने विचारलं. काय सांगणार? ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याच्या भरवशावर नकार कसा द्यायचा?

रविवारी दुपारी आईला आणि मामाला घेऊन मी तारांगणात गेले. दाराशी तो दिसला. हळूच म्हटलं, "मला स्थळ आलंय. आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय." त्याने तोंड उघडलं... मिटलं... आणि आत निघून गेला.

अंधार पसरला. घुमटाच्या कडेने शहराची काळी छपरं उमटली. ती तो स्वतः पुठ्ठ्यातून कापायचा. आज त्यांत एक नवं होतं. उतरतं छप्पर, त्यावर डाव्या टोकाला कललेली पाण्याची टाकी. आमचंच घर.

प्रकाशाचा बाण त्यावर येऊन थांबला.

"संध्याकाळचा पहिला तारा या घरावर दिसतो," अंधारातून त्याचा आवाज आला. "इतर ठिकाणांहूनही दिसतो म्हणे. मला मात्र इथूनच बघायचाय... जन्मभर. घरातल्यांची हरकत नसेल तर."

माझ्या तोंडून निघालं भलतंच.

"अहो, पण टाकी उजवीकडे आहे आमची."

सगळं सभागृह हसलं.

"मी मागच्या गल्लीतूनच पाहिलंय ते घर," तो म्हणाला. "पुढून यायचा... धीर झाला नाही."

"मग आज पुढून या. आईला विचारा."

"आई इथेच बसलीये," आई म्हणाली. "तिची हरकत नाही."

मामा खाकरला. "त्या लोकांना मी कळवतो. तुम्ही तारे दाखवा बुवा, तिकिटं काढलीत आम्ही."

संध्याकाळी तो पुढच्या दाराने आला. आधी मान वर करून टाकी कुठे आहे ते नीट बघून घेतलं. कोटाचं एकूण एक बटण जागेवर होतं. मग लख्ख उजेडात, सगळ्यांसमोर, त्याने मला मागणी घातली—आणि एकदाही अडखळला नाही.