तबल्याच्या साथीला

भूकंपाला चार-पाच वर्षं होऊन गेली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड लागले होते, आणि त्यातल्याच एका क्लासमध्ये मुग्धा बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवायची. जीव मात्र गाण्यात. दिवाळीनंतरच्या एका रविवारी, संध्याकाळी सहाला, तिचा नाट्यगीतांचा कार्यक्रम ठरला होता. तबल्याला शिवमूर्तीअण्णा. अण्णा साथीला बसले की तिला पाठीशी भिंत असल्यासारखं वाटायचं.

जाहिरातीची रिक्षा मारोतीची. गावात नाटक येवो, ऑर्केस्ट्रा येवो की कुठल्या क्लासचा निकाल लागो, टपावर भोंगा बांधून मारोती दिवसभर फिरायचा. मुग्धा त्याच्या दुकानात गेली, घरघरणारा पंखा बंद करायला लावला आणि एका दमात जाहिरात वाचून कॅसेट भरून दिली. गोष्ट एवढीच.

दुसऱ्या दिवशी ती फळ्यावर समीकरण लिहीत होती, तेव्हा खालून रिक्षा गेली. "रसिकहो, येत्या रविवारी संध्याकाळी ठीक सहा वाजता…" पोरं हसली. मुग्धाही हसली. मग तिचा खडू थांबला.

"…उंबरवाडीच्या देवळासमोरील पारावर, भजनाचा कार्यक्रम. गायन, विठाबाई. पेटीवर, रामलिंग. टाळ, तुळजाबाई आणि मंडळी. तबल्याच्या साथीला…"

रिक्षा कोपऱ्यावर वळली. आवाज विरून गेला.

आवाज तिचाच होता. 'साथीला' म्हणताना ती जरा दम घेते, तोही तसाच. पण ही नावं तिनं आयुष्यात कधी उच्चारली नव्हती.

"मॅडम, पुढं?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. पोरांना काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

दुपारी मुग्धानं मारोतीला गाठून कॅसेट लावायला सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचीच जाहिरात. नाट्यगीतं, हॉलचा पत्ता, वेळ. उंबरवाडीचं नावसुद्धा नाही.

"काय झालं मॅडम? चुकलं का काही?"

"नाही… तू आता फिरवू नकोस ही. जाहिरात पुष्कळ झाली." तिनं कॅसेट काढून घेतली आणि वाटेत तिची फीत ओढून गटारात टाकली.

संध्याकाळी तालमीला अण्णा आले. पिशवीतून तबला काढलाच नाही त्यांनी. पिशवी मांडीवर धरून बसून राहिले.

"ताई, ही नावं कुनी सांगितली तुमाला?"

मुग्धा त्यांच्यासमोर खाली बसली. "तुम्हीपण ऐकलंत?"

"उंबरवाडी माझं गाव. तेरणेच्या काठाला व्हतं. हे आमचं भजनी मंडळ." अण्णा खाली बघूनच बोलत होते. "त्या रात्री मी हितं लातुरात, गणपतीच्या मंडळात वाजवून राहिलो व्हतो. पहाटे गाव गेलं. मंडळातलं कुनीच न्हाई ऱ्हायलं. नवं गाव वर माळावर वसलं, पन मी काय गेलो न्हाई." ते थांबले. "ताई… तबल्याला कोन म्हनले?"

"ते ऐकू नाही आलं अण्णा. रिक्षा वळली."

"मला बी न्हाई आलं," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती, पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. ऐकायला न मिळाल्याची हळहळ. मुग्धाला जास्त भीती वाटली ती त्याची.

शनिवारी दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. लांबून भोंगा ऐकू आला. गल्ली रिकामी होती, रिक्षा कुठंच दिसत नव्हती, आणि आवाज मात्र एकेक घर ओलांडून यावा तसा जवळ येत होता. "…टाळ, तुळजाबाई आणि मंडळी. तबल्याच्या साथीला…" एक श्वास. तिचाच. "…शिवमूर्ती."

ती तशीच मारोतीच्या दुकानी धावली. रिक्षा दारात उभी होती. भोंगा खाली काढलेला, दुकानात जमिनीवर पालथा पडला होता. मारोती चहा पीत होता. तिचा चेहरा बघून त्यानं चहा ठेवला आणि रिक्षा सुरू केली. "बसा," म्हणाला.

अण्णांच्या घरी त्यांची बायको गुरम्मा ज्वारी निवडत होती. मुग्धाला बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"तुमी हितं कशा? ते तर तुमच्यासंगंच गेले की."

"माझ्यासंगं?"

"मघा दारात येऊन तुमीच हाक मारली न्हवं का, 'अण्णा, चला' म्हनून? मी चुलीपाशी व्हते, पन आवाज तर ऐकला. तबला घिऊन निघाले. लई खुशीत व्हते…"

पुढं गुरम्मा काय बोलली ते मुग्धाला कळलं नाही.

उंबरवाडीला पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. जुन्या गावाकडं जायला आता वाट अशी नव्हतीच. ढिगाऱ्यांवर बाभळी माजल्या होत्या. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता, तरी ओल्या मातीचा वास येत होता, भिंत नुकतीच पडल्यावर येतो तसा. पाखरू बोलत नव्हतं. आणि त्या शांततेत, कुठून तरी, भजनी ठेका चालला होता.

"मॅडम… मी हितंच थांबतो," मारोती पुटपुटला. पण एकट्यानं थांबायचीही त्याला हिंमत झाली नाही. तो मागोमाग आला.

देऊळ आडवं झालेलं. पार शाबूत. चहूकडं काटे आणि कचरा, पण पार नुकताच झाडल्यासारखा स्वच्छ. एका कडेला अण्णा बसले होते, घामानं निथळत, डोळे मिटून. बाकीचा पार रिकामा होता. ते मधे बसले नव्हते. माणसांना जागा सोडून साथीदार बसतो, तसे कडेला बसले होते.

मुग्धानं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं. ठेका थांबला.

पण टाळ थांबायला एक क्षण उशीर झाला.

अण्णांनी डोळे उघडले. "ताई, आज नुसती तालीम व्हती," ते हसून म्हणाले. "कार्यक्रम उद्या हाय."

परतताना ते भानावर आले. मुग्धा म्हणाली, रविवारचं सगळं रद्द करू. अण्णांनी तिचा हात घट्ट धरला. "न्हाई, ताई. सहा वाजता मी तुमच्या साथीला बसलेलो असलो, तर तिकडं कसा जाईन? तुमी गात ऱ्हावा. थांबू नका."

तिलाही ते पटलं. तेवढाच एक आधार दिसत होता.

रविवारी हॉल भरला. क्लासची पोरं, त्यांचे आईवडील, कंधारहून आलेली तिची मावशी. दारापाशी मारोती उभा राहिला. सहा वाजता मुग्धानं तंबोऱ्याच्या सुरात सूर मिळवला आणि अण्णांवरची नजर काढायची नाही असं ठरवून गायला लागली. पहिलं पद झालं. दुसरं रंगलं. टाळ्या पडल्या. अण्णांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तिला वाटलं, जिंकलो आपण.

तिसऱ्या पदात ठेका बदलला.

बोटं अण्णांचीच, पण ते तिच्याकडं बघत नव्हते. तिच्या डाव्या हाताला, जिथं कुणी नव्हतं, तिथं बघून समेला मान हलवत होते. ओल्या मातीचा वास आला. मागून टाळ सुरू झाले. मुग्धानं थांबायचं ठरवलं. तोंड मिटायचं ठरवलं. आणि तिला कळलं की ती गातेच आहे. न शिकलेलं, कधीच न ऐकलेलं भजन, एका म्हाताऱ्या, खरखरीत आवाजात. समोर लोक डोलत होते. डोळे पुसत होते. तिला किंचाळायचं होतं, पण गळा तिचा राहिला नव्हता.

शेवटची सम आली. अण्णांनी थाप दिली आणि हलकेच कपाळ तबल्यावर टेकलं. कुणाला तरी नमस्कार करावा तसं. ते पुन्हा वर आलंच नाही.

पोरांमधल्या एकाचे वडील डॉक्टर होते. त्यांनी नाडी बघितली, छातीला कान लावला आणि मान हलवली. हृदय बंद पडलं, म्हणाले.

घरी नेल्यावर गुरम्मानं ओल्या फडक्यानं नवऱ्याचं तोंड पुसायला घेतलं. विभूतीच्या पट्ट्यांखाली, भुवयांच्या मधोमध, बुक्क्याचा काळा ठिपका होता. भजन संपल्यावर मंडळी एकमेकांना लावतात तसा. ताजा.

"ह्यो कुनी लावला?" तिनं विचारलं. हॉलमध्ये कुणीच लावला नव्हता.

गुरम्मानं मान वर केली. मुग्धाकडं बघता बघता तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. शेजारी बसलेल्या बाया एकेक करून मागं सरकल्या.

"ताई…" गुरम्मानं बोट दाखवलं. "तुमच्या बी कपाळाला…"