सारफथचं तेल

मसोली गावात बेने इस्राएल ज्यूंचं आमचं एकच घर. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत माझी बायको दिना काचेच्या दिव्यात पाणी, त्यावर खोबरेल घालून शब्बाथची वात लावायची. तिच्या तोंडात कायम वेलदोडा. मला त्या वासाने मळमळायचं.

२०१७च्या उन्हाळ्यात ती गेली. डबीतले वेलदोडे मी फेकून दिले. वाणगावच्या बाजारातून तिने आणलेली खोबरेलाची बाटली निम्मी उरली होती. तेवढं संपेपर्यंत दिवा लावायचा, मग नाही, असं ठरवलं.

पावसाळा गेला. बाटली निम्मीच. मी काचेवर खिळ्याने रेघ ओढली. शुक्रवारी तेल ओतायचो, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रेघेला टेकलेलं असायचं.

तेव्हा आमच्या प्रेषितांची, एलियाहू हन्नाबींची गोष्ट आठवली. आमच्यात नवस त्यांनाच बोलतात, फेडताना गोड पोह्यांचा मलिदा करतात. दुष्काळात ते सारफथ गावी एका विधवेकडे राहिले. तिच्या कुपीतलं तेल संपेना. पुढे तिचा मुलगा मेला. हन्नाबी त्याच्यावर तीनदा पालथे पडले आणि त्याचा श्वास परत आला.

तेल झालं होतं. मरण झालं होतं. एकच राहिलं होतं. मी दाराला कडी लावायचं सोडलं.

विठाबाई दारावर मासळी घेऊन यायची. दिनाची मैत्रीण. एका शुक्रवारी संध्याकाळी तिने विचारलं, "भाऊ, दार मांजरासाठी उघडं ठेवलंय का चोरासाठी?"

"दिनासाठी," मी म्हणालो. सगळं सांगितलं, बाटली दाखवली.

ती हसली नाही. टोपलीवरचं फडकं नीट करत बसली.

"ती नाय येणार, भाऊ. ती जायच्या आधीच्या हिवाळ्यात तुम्ही दवाखान्यात होतात ना, डॉक्टरांनी आशा सोडलेली. मी तिथंच होते. ती तुमच्या अंगावर पालथी पडली. एकदा नाय, तीनदा. तोंडाला तोंड लावून. मग तुम्ही खोकलात."

"मला कुणी बोललं नाही."

"तिने शपथ घातलेली. मलिदा करायचा होता तिला. तो करण्यापुरतीपण उरली नाय."

बाहेर उजेड कमी होत होता.

मी दिव्यात तेल घातलं. वात लावली. काडी फुंकून विझवली.

विठाबाई मागे सरकली. तिने पदर नाकाला लावला.

मग मलाही आला. माझ्याच फुंकरीतून, वेलदोड्याचा वास.